जावईबापू आणि किटलीवाले काका

माणसाचा अंत पाहण्यात आमच्या किटलीवाल्या काकांचा हात धरणारा अख्ख्या डोंबिवलीत कुणी नसेल. किटली म्हणजे चहाची नव्हे. रंगासाठी लागणारं रेझिन शिजवायचं दोन पुरुष उंचीचं भांडं. मानपाड्याच्या आमच्या कारखान्यात ते पंचवीस वर्षं काकांच्या हाताखाली होतं. नव्वदनंतर मालकांनी त्याला सेन्सर बसवले आणि शेजारच्या एसी केबिनमध्ये कॉम्प्युटर आणला. काकांची अक्कल नियम करून त्यात भरायची आणि ते निवृत्त व्हायच्या आत त्याला एकट्याने किटली चालवायला शिकवायचं, हे काम माझं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. काका त्या कॉम्प्युटरला 'जावईबापू' म्हणत, कारण आम्ही घामाने निथळत असताना थंड हवेत तो एकटाच बसे आणि त्याच्यापुढे जायचं तर चपला काढाव्या लागत.

मी वही घेऊन त्यांच्या मागे मागे फिरायचो.

"काका, आच कधी बंद करता?"

"झालं की."

"झालं हे कळतं कसं?"

मग काचेवर गार केलेला थेंब चिमटीत धरून ते तार काढून दाखवत आणि वर मलाच झापत, "अरे, पाक बघताना तुझी आई थर्मामीटर लावते काय?" तार वीतभर आली की आच बंद, असं मी लिहून घेतलं की म्हणायचे, "पावसाळ्यात तसं नाही हां." पावसाळ्याचंही लिहिलं, तर म्हणे वास घ्यायचा राहिला. "नाकाचा सेन्सर नाय मिळत तुमच्यात?" माझं डोकं फिरायचं. एकदा मी ओरडलोच, "तुम्ही मुद्दाम लपवता!" ते शांतपणे म्हणाले, "सगळं सांगितलं तर उद्या मला विचारणार कोण रे?" 

म्हणून मी एक नियम माझ्या पदरचा घातला. सेन्सरचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले की पडद्यावर अक्षरं येत, 'काकांना विचारा'. काका निवृत्त झाल्यावरही ती येत राहिली. मी त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन करून सांगायचो, "जावईबापू अडलेत." काका इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवरून येत, तार पाहत, आम्हाला यथेच्छ शिव्या घालत आणि जाताना एखादी राहिलेली खूण सांगून जात. माझी नोकरी पक्की झाली ती अशी.

वर्षभरात सगळ्या खुणा वहीत उतरल्या, तरी तो नियम मी काढला नाही. एकदा तार पाहता पाहता काका थांबले. "गाढवा, हे तर तुला आता येतं."

"येतं," मी म्हटलं.

त्यांनी काच पुसून ठेवली आणि चहा मागवला.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. जावईबापू भंगारात गेले. नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यातही तो नियम मी पहिल्याच दिवशी घातला. आजही अधूनमधून ती अक्षरं येतात. मी बाहेर जातो, थेंब चिमटीत धरतो, तार बरोबर येते. शिव्या घालायला मात्र कुणी नसतं.