दोन कॅन समुद्र

समुद्रापासून इतक्या लांब, नाशकात बसून जहाजांच्या बुडाची काळजी वाहणारा माणूस आमच्या दाजींसारखा दुसरा झाला नसेल. त्या काळजीचं फळ एकदाच हाती आलं आणि ते मी माझ्या हातांनी घासून टाकलं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटतात म्हणून विषारी रंग लावतात आणि त्या रंगाने बंदरातले मासेही मरतात, हे त्यांना घरातलं दुःख असल्यासारखं लागायचं. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे समुद्रातलेच काही सूक्ष्म जंतू. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोस ना? माझे जंतू तेच करतात. हे आधी बसले की शिंपल्यांची पिल्लं येतात, बघतात आणि पुढची गाडी बघू म्हणून निघून जातात. कुणाला मारायचं नाही, फक्त बसू द्यायचं नाही." हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगायचे. एकदा श्रीखंड वाढणारा ऐकत उभा राहिला आणि आमची अख्खी रांग खोळंबली.

मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये होतो. नव्वदच्या दशकात आमचा माल परदेशी जाऊ लागला आणि टेम्पोबरोबर बंदरावर माझ्या खेपा सुरू झाल्या. दाजींचा निरोप ठरलेला, "येताना दोन कॅन समुद्र आण." कॅन गळायचे. "पाव्हणं, लय वास मारतंय," ड्रायव्हर म्हणायचा, "तुमचं दाजी पितात का काय हे?" ताई वेगळीच वैतागलेली. "नळाला पाणी आलं तरी भरायला भांडं नाय. सगळ्यात यांचे जंतू!"

अखेर प्राचार्यांनी बजावलं, जंतूंचा गुण डोळ्यांना दिसेल असा दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेतला तुमचा कोपरा रिकामा करा. दाजींनी दोन लोखंडी पत्रे तयार केले. एकावर जंतूंचा थर, दुसरा साधाच. ते मी बंदराजवळच्या धक्क्याखाली टांगले आणि काही महिन्यांनी काढायला गेलो. जंतूंचा पत्रा नुसता बुळबुळीत होता. साध्या पत्र्यावर मात्र टणक पांढऱ्या शिंपल्यांचा खच. पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या घडात सडका मणी दिसला की माझी कात्री आपोआप चालते. प्राचार्यांपुढे असली घाण कशी न्यायची? मी तो पत्रा खरवडला, तारेच्या ब्रशने लख्ख केला आणि शाबासकीच्या आशेने दाजींच्या हाती दिला.

दाजी दोन्ही पत्रे उलटेपालटे करत राहिले. मग मला घेऊन प्राचार्यांकडे गेले आणि स्वतःच म्हणाले, "साध्या पत्र्यावरही काही बसलेलं नाही. म्हणजे माझ्या जंतूंनी काही केलं, असं म्हणता येणार नाही."

ती घाण हाच पुरावा होता, हे मला तेव्हा कळलं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. कोपरा गेला आणि पाण्याचा निरोपही हळूहळू बंद झाला.

ते निवृत्त झाल्यावर एका दुपारी, ताई भाजीला गेलेली असताना, मी सगळं सांगितलं. दाजी पुढे सरकून बसले.

"खरवडायला जोर लागला?"

"खूप."

"आणि जंतूंच्या पत्र्यावर?"

"एकही नव्हता, दाजी."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जमलं होतं रे आपल्याला!"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणालो, "चुकलं माझं, दाजी. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला माफ करा."