शोभाक्काचा खिळा

शोभाक्का भिंतीत खिळा ठोकत नव्हती, भिंतीला बदडत होती. आमच्या गावात गरीब, म्हाताऱ्या तृतीयपंथीयांसाठी स्वस्त भाड्याच्या खोल्या झाल्या, त्यातली एक तिला मिळाली. मी औषधं द्यायला गेले, तर गिलाव्याचे तुकडे अंगावर उडाले.

"अक्का, हळू! भिंत पडेल."

"पडू दे. एकदा मलाबी कायतरी पाडू दे."

तिला यल्लम्माची परडी टांगायची होती. आधीच्या घरमालकानं लाथ घालून दार मोडलं होतं, केसांना धरून तिला जिन्यावरून ओढत नेलं होतं आणि ही परडी गटारात भिरकावली होती. हातोड्याचा प्रत्येक घाव मला त्या लाथेसारखा ऐकू येत होता. घरं मायेनं उभी राहतात म्हणे. काही घरं संतापावरही उभी राहत असतील.

परडी टांगून झाली आणि दारावर थाप पडली. शोभाक्का गर्रकन वळली, हातोडा उगारून. तिच्या डोळ्यांत खून होता.

दार ढकलून शेजारच्या खोलीतली म्हातारी सलमाबी आत डोकावली. उगारलेल्या हातोड्याकडे तिनं शांतपणे पाहिलं.

"झालं का तुझं? मग दे इकडं. मला मक्केचा फोटो लावायचाय."