चिंचोक्याच्या खळीचं विमान

साडू पुष्कळांना असतात, पण पिठाच्या गिरणीशेजारी विमान बांधायला काढलेला साडू अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकट्या माझ्याच वाट्याला आला होता. हे मान वर करून सांगावं की खाली घालून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. ढाणकीला त्यांची गिरणी होती. भुवयांपासून वहाणांपर्यंत माणूस बाराही महिने पांढरा. सणासुदीला आंघोळ करून समोर आले की ओळख पटायला आम्हाला जरा वेळ लागे. बोलणं अगदी मोजकं. मी यवतमाळला शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे जगात इंग्रजीत छापलेलं सगळं मला कळतं असा त्यांचा ठाम समज होता. तो मी कधी दूर केला नाही.

विमान कशासाठी, हे त्यांनी गावात कोणाला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. आमची सासुरवाडी पैनगंगेच्या पलीकडे. छप्पन्न साली नदीचे दोन्ही काठ एका राज्यात आले, पण ही गोष्ट नदीला कोणी कळवली नव्हती. उन्हाळ्यात धोतर खोचून ओलांडावी अशी ही नदी; पण पूर आला की डोंगा बंद, आणि मग अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. पुढच्याच भादव्यात सासरे गेले. आम्ही दोघं तेव्हा ढाणकीलाच आलेलो होतो; पलीकडून कोणीतरी हाका मारून निरोप दिला. आम्ही चौघं काठावर पोचलो तेव्हा पाणी वडाच्या पारापर्यंत आलं होतं. साडूंनी डोंगेवाल्याला एकदाच विचारलं, त्याने एकदाच मान हलवली. दोघी बहिणी चिखलात बसून पलीकडचा धूर बघत राहिल्या. त्यांना भाऊ नव्हता. तिकडे आता सासूबाई एकट्याच उरल्या होत्या. तेवढ्यात एक बगळा कोणालाही न विचारता नदीवरून गेला. साडू त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

सहा महिन्यांनी मला तार आली. तारेत "लगेच या" एवढंच होतं, त्यामुळे माझी बायको आर्णीपर्यंत रडत होती. ढाणकीला उतरून बघतो तर सगळे धडधाकट, आणि गिरणीपुढे बैलगाडीच्या लांबीचा एक खोका. कुणा गोऱ्या साहेबाने घरच्या घरी विमान जुळवायचं म्हणून तो विलायतेहून मागवला होता. मग स्वराज्य आलं आणि साहेब खोका न उघडताच निघून गेला. नागपूरच्या जुन्या बाजारात तो साडूंच्या नजरेला पडला. आत नकाशे होते, तारा, कप्प्या, दोन चाकं, पुढचा पंखा आणि एक पुस्तक. लाकूड, कापड आणि इंजिन ज्याचं त्याने बघायचं होतं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की कामाला हात घालण्याआधी तयार विमान बाहेर कसं काढाल याचा विचार करा. मी ते मराठीत सांगितलं. साडू "बराबर हाये" म्हणाले, कुदळ घेऊन आले आणि दिवस मावळायच्या आत गिरणीलगतच्या खोलीची एक भिंत त्यांनी पाडली. लोक आधी वस्तू करतात आणि मग दार मोजतात. आमच्या साडूंनी एकही खिळा न ठोकता भिंत पाडून ठेवली. मेव्हणीने त्या भगदाडाला तुराट्यांचा ताटवा लावला. पुढचं वर्षभर विमानाचं म्हणून दाखवण्यासारखं तेवढंच काम झालेलं होतं, आणि दळण घेऊन येणाऱ्या बाया ते आस्थेने बघून जात.

मग सुतार आला. त्याने जन्मभर बैलगाड्या केलेल्या. नकाशा त्याने आडवा धरला, उभा धरला, घडी करून खिशात ठेवला आणि विती-बोटांनी मोजून सांगाडा उभा केला. सांगाडा झाला मात्र सुरेख. फक्त नाकाशी त्याने बैल जुंपायला एक लोखंडी कडी बसवली. ही नकाशात नाही, असं मी म्हणालो. "इंजन बंद पडलं तं घरी कसं आनसान?" त्याने विचारलं. साडूंना हा प्रश्न रास्त वाटला. पुस्तकात त्याचं उत्तर मला काही सापडलं नाही.

खरी कथा पंखांची. पंखांवर कापड ताणून बसवायचं आणि ते कडक व्हावं म्हणून वरून एक रोगण द्यायचं होतं. खोक्यातल्या डब्यात त्या रोगणाचा दगड झाला होता. रोगणाचं काम काय, असं साडूंनी विचारलं. कापड ताठ करणं, मी म्हणालो. म्हणजे खळ, असा त्यांनी निर्णय दिला आणि घमेलंभर चिंचोके शिजवले. पंख नगाऱ्यासारखा ताणला गेला. तो वाळायला गल्लीत टेकवून ठेवला, आणि संध्याकाळी गुरं परतली तेव्हा त्यांनी तो निम्मा खाल्ला. साडूंनी उरलेला पंख फिरवून फिरवून पाहिला. "गुराइले आवडला," ते म्हणाले, "म्हंजे खळ चांगली झालती." पुढच्या खळीत त्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून घातला. त्या पंखाला गुरांनी तोंड लावलं नाही, पण मृगाच्या सरी आल्या तशी हवा दमट झाली आणि कापड म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखं लोंबायला लागलं.

तेव्हा मी एक आगाऊपणा केला. म्हणालो, हे विमान कोरड्या दिवसांतच उडणार, आणि कोरड्या दिवसांत नदी पायी ओलांडता येते. मग याचा उपयोग काय? तीन वर्षांत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. साडू उठून गिरणीत गेले आणि कोणीतरी ठेवून गेलेली ज्वारी दळत बसले. त्या दिवशी ते माझ्या पंगतीला जेवले नाहीत. शिकलेल्या माणसाने कुठे गप्प बसावं हे त्याला शाळेत शिकवत नाहीत. आठवड्याने त्यांचं कार्ड आलं: जवसाचं तेल पाण्याला दाद देत नाही, तेच देऊन राह्यलो.

तेलाचे हात वाळत होते आणि इंजिनाचा अजून पत्ता नव्हता, अशात एका श्रावणात सासूबाईंना ताप भरल्याचा निरोप आला. तोही हाकेनेच. नदी भरलेली. मेव्हणी सकाळ-संध्याकाळ काठावर जाऊन बसे आणि साडू तिच्यामागे उभे राहत. तिने विमानाबद्दल चकार शब्द काढला नाही, हेच त्यांना फार लागलं असं ती मला नंतर म्हणाली. पाचव्या दिवशी पाणी उतरलं. साडू पहिल्या डोंग्याने गेले आणि ताप उतरलेल्या सासूबाईंना बाजेवर घालून घेऊन आले.

पण सासूबाई गिरणीच्या ओट्यावरच अडल्या. लेकीच्या घरी पाणीही न पिणाऱ्या पिढीतल्या त्या. "जावयाच्या घरी राह्यली तं लोक मले काय म्हनतीन?" त्यांचं एवढंच चाललं होतं. मेव्हणीने विनवण्या केल्या, शेजारणींनी समजावलं. साडूंनी शांतपणे तुराट्यांचा ताटवा बाजूला सारला.

"माय, हे घर नाही, कारखाना हाये," ते म्हणाले. "कारखान्यात कोनीबी राह्यते."

सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. एवढं मोठं लाकडी धूड कोणाच्या घरात असत नाही, हे त्यांनाही पटलं असावं. त्यांची बाज पंखाखाली पडली. बघता बघता एका तारेवर त्यांचं लुगडं वाळायला लागलं, आणि सुताराच्या कडीला त्यांनी लसणाची जुडी टांगली. जेवण मेव्हणी तिथेच नेऊन देई, आणि कारखान्यातलं म्हणून त्या ते जेवत.

पुढच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा विमान होतं तिथेच, तसंच होतं. सासूबाई पंखाखाली बसून तूर निवडत होत्या. इंजिनाचं कुठवर आलं, असं मी साडूंना हळूच विचारलं. त्यांनी हातातलं पीठ झटकलं.

"साडभाऊ," ते म्हणाले, "आता तिकडे कोन हाये?"

त्या चिखलात माझी बायकोही बसली होती. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात मी तिला "दिवाळीला जाऊ" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, आणि वर या माणसाला हसत आलो होतो. याची मला लाज वाटली, ती अजून वाटते.

सासूबाई त्या कारखान्यात तीन वर्षं राहिल्या आणि एका भादव्यात गेल्या. नदी त्या दिवशी दोन्ही थड्या भरून वाहत होती. दुखणं वाढल्याचं कळताच आम्ही आदल्या दिवशीच एसटीने येऊन पोचलो होतो. एक लेक उशाशी होती, एक पायथ्याशी. कोणालाही नदी ओलांडावी लागली नाही.