पोळ्याच्या दिवशी मोजलेला आवाज

बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं, कारण गावाशेजारची धावपट्टी वाढवायचं निघालं तेव्हा विमानं शाळेवरून न्यायची की मोकळ्या गायरानावरून, हे ठरवायला आवाज मोजणारे आल्ते ते नेमके पोळ्याच्या दिवशी. वेशीत बैलं उभी, हलग्या कडकडून राह्यल्या, अन् त्यांनी यंत्र तिथंच मांडलं. मी म्हणलं, "दादा, उद्या या की, आज गाव नुसतं दणाणून राह्यलंय." तर म्हणे, "मावशी, आम्हाला आजचंच काम लावलंय, पुरणपोळी मात्र वाढा." वाढली बाई, सणाचा पाहुणा उपाशी कसा धाडायचा? मंग सुनावणीत मोठे साहेब म्हणाले, "या गावात आधीच एवढा गोंगाट, विमानानं काय फरक पडतो?" मी उठून ओरडले, "अहो, पोळा वर्षातून एकदा येतो, शाळा रोज भरते!" "आजी, खाली बसा, मोजमाप झालंय." विमानं शाळेवरूनच गेली. आता माझी नात पाढे म्हणता म्हणता मधीच थांबते, आवाज सरेस्तोवर बाई खडू धरून उभ्या. परवा नात विचारत होती, "आजी, विमानाला दुसरी वाट न्हाई का?" होती की गं माय, चांगली मोकळी वाट होती.