धाकट्या मामंजींच्या फटफटीवर

माणसानं चाक शोधून काढलं ते केवळ आमच्या धाकट्या मामंजींसाठी, असं माझं ठाम मत आहे. हे माझे चुलत सासरे. सोलापुरात गिरणीच्या इंजिनावर कामाला होते आणि विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली दांडगी फटफटी लेकीसारखी मिरवायचे. समोरच्या न्हाव्याकडे जायचं तरी तिच्यावरूनच. वाटेत म्हैस आडवी आली तर भोंगा वाजवायचे नाहीत, थांबून, "बाई, सरकता का जरा?" म्हणायचे. आणि मी? सोळा वर्षांची नवी सून, अकलेनं त्या म्हशीच्याही दोन पावलं मागे.

एका दुपारी तुळजापूरहून माहेरचा निरोप आला. धाकट्या भावाला घटसर्प झालाय, श्वास अडकतोय, सोलापूरहून औषधाची बाटली दिवस मावळायच्या आत हवी. सर्व्हिस मोटार सकाळीच गेलेली. डॉक्टरांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दिली, धक्का लागू देऊ नका म्हणाले. ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी फटफटीवर मागे बसले. सासऱ्यांना स्पर्श नको म्हणून मध्ये वीतभर जागा सोडून, हे सांगायला नकोच.

सपाटीवर निभावलं. घाट लागला आणि ते वळणावर एका अंगाला कलले की त्यांच्यावर जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या अंगाला. गाडी झोकांड्या खाऊ लागली. एका वळणावर मागचं चाक खडीवरून घसरत पार कडेला गेलं. मामंजींनी पाय रोवून गाडी आवरली. सुटलेले दगड दरीत गडगडत गेले, ते कितीतरी वेळ ऐकू येत होते.

मागं न बघता ते म्हणाले, "सूनबाई, अशी उलटी कललीस तर बाटली, तू अन् मी, तिघंबी खाली. माज्या पाठीला टेक. मी वळंन तशी वळ."

"असं कसं मामंजी? कुणी पाहिलं तर?"

"हितं माकडं हायत. ती कुनाला सांगत न्हाईत."

मी डोळे मिटून कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं. पुढची वळणं मी पाहिलीच नाहीत, अंगानं ऐकली. उजेड असतानाच भावाला सुई टोचली. तिसऱ्या दिवशी त्यानं पेज मागितली, तेव्हा आम्ही परत निघालो. घाटात मी न सांगता टेकले.

घरी सासूबाईंनी दारातच अडवलं. "भावजी, पाठीला हे कुंकू कसलं?"

"तुळजापूरला गेलतो न्हवं वैनी? देवीचं हाय की."

सासूबाईंनी त्या पाठीला भक्तिभावानं हात जोडले.

मामंजी गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. रस्त्यानं एखादी पोर फटफटीवर कुणाच्या पाठीला टेकून जाताना दिसली की शेजारणी नाकं मुरडतात. मी मात्र मनात म्हणते, टेक गं, नीट टेक.