माझ्या कॉटवर सरदारजी

गौतमले जाऊन आज वर्ष झालं, अन् मी त्याच्या पोरीवर जळून राह्यलो.

खरं तेच लिवतो. ज्याले पटत नसन त्यानं पुढे नका वाचू.

गौतम नार्नूरचा, मी जैनथचा. एकाच भरतीत लागलो, एकाच बराकीत राह्यलो. त्याची पोरगी प्रज्ञा हैदराबादले चित्रकला शिकली. तिनं बापाच्या जिंदगीवर ग्राफिक नॉवेल काढलं. काल कुरिअरनं आलं.

मी म्हटलं, या पोरीले काय माहीत आमच्या फौजेचं? चुका काढाच्या म्हणूनच चष्मा लावून बसलो.

एक चूक सापडंना.

बर्फातली पोस्ट. बराक गरम ठेवणारी बुखारी. राशनच्या गाडीतून येणारे हिंदी कॉमिक्स.

कॉमिक्स एक अन् वाचणारी अख्खी बराक. म्हणून आमी पिना काढून पानं सुटी कराचो. आपलं पान वाचून झालं का बाजूच्या कॉटवर द्याचं. हे बी तिनं बरोब्बर काढलं.

गौतमच्या बाजूची कॉट माझी होती.

शेवटचं पान तो मले देतच नव्हता. उशीखाली दाबाचा अन् म्हणाचा, "थांब, मी सांगतो."

मंग आपल्या बोलीत मनचाच शेवट सांगाचा. मी हसून हसून कॉटवरून खाली. खरा शेवट कोणाले पाह्यचा होता!

ते पुस्तकात कुठंच नाही.

अन् बाजूच्या कॉटवर कोण? सरदारजी!

माणूस लय चांगला, पण त्याची कॉट दारापाशी होती बाप्पा.

पूर्ण पुस्तक पाह्यलं. लंगरचा कुक हाये. सामान वाहणारं खच्चर हाये, त्याले तर दोन पानं देल्ली. मी नाही.

बायको म्हणे, या वयात काऊन जळून राह्यले? तिले काय सांगू. गौतमचा संसार त्याच्या घरच्यायचा, म्हातारपण बी त्यायचंच. फौजेतले तेवढे दिवस माझे होते. ते बी पोरीनं नेले, अन् मलेच बाहेर ठेवलं.

शेवटी फोन लावला. रागातच. म्हटलं, बाई, त्या कॉटवर मी होतो.

ती म्हणे,

"मले माहीत हाये काका. बाबा दवाखान्यात होते तवा पहिले तुमचंच विचारलं होतं मी. बाबा म्हणे, बाकी सगळ्यायचं काढ. त्याचं राहू दे माझ्यापाशी."

फोन बायकोच्या हातात देल्ला.

आता दुपारी नार्नूरले चाललो. गौतमच्या वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाये. मित्र म्हणून दोन शब्द बोला, म्हणतीन.

मी नाही बोलत. पोरीनं बोलावं. मी मांगं बसतो.

गौत्या, लय याद येते रे तुही.

जय भीम, गड्या.