आबाजीची पुडी

नालवाडीच्या आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मीच. त्यामुळे नर्स झाल्यावर पहिला पेशंट गेला तरी रडायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. रडायला बीएस्सी नर्सिंग लागत नाही.

पण पहिला गेला तो नेमका आबाजी. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि गालात घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. रोज मी उशीखालची पुडी जप्त करायची, रोज तो भांडायचा.

"मास्तरीण, नळी ने, पुडी ठेव!"

"आबाजी, आ करा. गालातला पण काढा."

"म्हाताऱ्याच्या तोंडात बोटं घालाले शिकवलं काय तुले तुह्या बापानं?"

"हो. मेथी-सांबाराच्या जुड्या विकून शिकवलं."

मग हसता हसता त्याला खोकला यायचा आणि तोही माझ्याच नावावर जायचा.

गेला तो भर दुपारी. त्या दिवशीची पुडी माझ्या खिशातच होती. नळी काढली, डोळे मिटले, हनुवटी बांधली. मोठ्या सिस्टर "शाब्बास" म्हणाल्या. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

त्याची म्हातारी आत आली. तिचं रडून झालं होतं. "बाई, आजची पुडी तुमच्यापाशीच असन ना?"

मी काढून दिली. तिनं चादर सारून ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. "घे, खाय आता. तिथं नाई येत मास्तरीण." मग माझ्याकडे वळली. "भांडाले तुमची लय वाट पाहे तो. घरी मी त त्याले जवाबच देत नव्हती."

तरी मी रडले नाही. खरंच.

शेजारच्या खाटेवरचे काका पण खर्रेवाले, आणि आबाजीपेक्षा तोंडाळ. राउंड राहिला होता, तो कोण करणार? त्यांच्यापुढे हात धरला. "काढा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुमान पुडी हातावर ठेवली. "घ्या बाई."

तिथं माझी डिग्री संपली.

"काऊन दिली?" मी भर वॉर्डात ओरडले. नाकडोळे एक झाले होते. "भांडा ना थोडं!"

काका घाबरले. "बरं... द्या मंग वापस."

"नाई देत," मी म्हटलं, आणि पुडी डब्यात टाकून त्यांचं बीपी घ्यायला बसले.